चिकलठाण्यातील प्रवाळ-मत्स्यालय आणि दिव्याची निवड

घरातील सागरी मत्स्यालयासाठी नवा दिवा घ्यायचा ठरला की चौकशी बहुधा वॉट आणि किंमत यांपासून सुरू होते. वास्तविक ती त्या टाकीत कोणता जीव राहणार आहे, या प्रश्नापासून व्हायला हवी. कारण गोड्या पाण्यातील माशांच्या टाकीत दिवा मुख्यतः पाहणाऱ्यासाठी असतो, तर प्रवाळवर्गीय जीवांच्या टाकीत त्या जीवांचे पोषणच त्याच्यावर अवलंबून असते. या प्राण्यांच्या मऊ ऊतींमध्ये झूझँथेली नावाचे एकपेशीय शैवाल वस्तीला असते. ते प्रकाशसंश्लेषणाने शर्करा आणि इतर सेंद्रिय पदार्थ तयार करते आणि त्यांतील मोठा वाटा यजमान प्राण्याला मिळतो. प्रकाश अपुरा पडला तर प्राणी हळूहळू उपाशी राहतो. तो अति झाला तर शैवालाच्या पेशींत ऑक्सिजनची घातक रूपे साचू लागतात आणि प्राणी ते शैवाल शरीराबाहेर टाकून पांढरा पडतो, ज्याला ब्लीचिंग किंवा विरंजन म्हणतात. मराठवाड्यातील चिकलठाण्यासारख्या, समुद्रापासून अडीचशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या आणि उन्हाळा कडक असलेल्या ठिकाणी या दोन धोक्यांपैकी दुसरा अधिक मोठा आहे, आणि म्हणूनच येथील मत्स्यालयपालकाने दुकानात सुचवल्या जाणाऱ्या दिव्यापेक्षा कमी शक्तीचा, पण नीट मोजता आणि मंद करता येईल असा दिवा निवडावा, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

सर्वांत आधी कायद्याचा विचार करणे भाग आहे, कारण दिव्याची निम्मी निवड तिथेच होऊन जाते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली भित्ती बांधणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन-पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश झाला, आणि २०२२ च्या सुधारणेने अनुसूचींची फेरमांडणी झाल्यावरही त्यांचे संरक्षण कायम राहिले. पहिली अनुसूची म्हणजे वाघ ज्या यादीत आहे तीच यादी. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाच्या कामात वरळी आणि हाजीअली येथील खडकांवर प्रवाळाच्या अवघ्या १८ वसाहती आढळल्या, तेव्हा २०२० मध्ये त्या हलवण्यासाठी महानगरपालिकेलाही वनविभागाची परवानगी घ्यावी लागली आणि राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मार्गदर्शनाखाली ते काम करावे लागले, यावरून या संरक्षणाचे गांभीर्य ध्यानात यावे. परदेशी मत्स्यालयांच्या छायाचित्रांत दिसणारे ॲक्रोपोरा, मॉन्टिपोरा यांसारखे फांद्यांचे आणि पानांचे कठीण प्रवाळ भारतातील घरात ठेवण्याचा विचार त्यामुळे सोडून द्यावा. विक्रेत्याने तुकडा आयात केलेला असल्याचे सांगितले म्हणून सवलत मिळेल, असे गृहीत धरू नये. शोभेसाठी विकले जाणारे मृत प्रवाळांचे सांगाडेही याच कक्षेत येतात, तेव्हा टाकीतील खडकांची रचना सिरॅमिक किंवा सिमेंटपासून तयार केलेल्या कृत्रिम खडकांची असावी.

उरतात ते छत्रीप्रवाळ म्हणून ओळखले जाणारे मशरूम, बटणासारखे झोअँथिड, चामड्यासारखे मऊ प्रवाळ आणि सागरी शैवाले. यांपैकी परदेशी जातींच्या बाबतीत वन्य जीवजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील साइट्स करार लागू होतो का, हे खरेदीपूर्वी तपासावे लागते; करारातील सजीव प्रजाती बाळगणाऱ्यांनी २०२४ च्या नियमांनुसार परिवेश २.० या पोर्टलवर नोंदणी करावयाची असते. जीवाचे शास्त्रीय नाव असलेली पावती विक्रेता देत नसेल तर ती खरेदी टाळावी आणि शंका असेल तिथे वनविभागाच्या स्थानिक कार्यालयाकडून खात्री करून घ्यावी. झोअँथिडांविषयी एक इशारा इथेच दिलेला बरा: त्यांच्या काही जातींत पॅलीटॉक्सिन हे अत्यंत तीव्र विष असते, म्हणून ते हाताळताना हातमोजे आणि चष्मा वापरावा आणि ज्या खडकावर ते वाढले आहेत तो खडक उकळत्या पाण्याने कधीही धुऊ नये. ज्यांना कायद्याची आणि विषाची कोणतीही धाकधूक नको आहे, त्यांनी मासे आणि सागरी शैवाले यांचीच टाकी करावी. हिरवी कॉलेर्पा, चुनकळीची हॅलिमेडा आणि तांबडी ग्रॅसिलॅरिया यांनी भरलेली टाकी प्रवाळांच्या टाकीपेक्षा कुठेही कमी देखणी नसते.

आता प्रकाशाकडे वळता येईल. परवानगीच्या चौकटीत राहणारे हे बहुतेक जीव मंद ते मध्यम प्रकाशाचे आहेत, ही गोष्ट मत्स्यालयपालकाच्या पथ्यावर पडते. प्रवाळ म्हटले की लख्ख निळे, पारदर्शक पाणी डोळ्यांसमोर येते, पण महाराष्ट्राचा स्वतःचा किनारा वेगळेच चित्र दाखवतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात १९८७ साली घोषित झालेल्या सुमारे २९ चौरस किलोमीटरच्या मालवण सागरी अभयारण्यात पोरायटीस, फेव्हायटीस, टर्बिनेरिया यांसारखे प्रवाळ गाळ वाहून आणणाऱ्या, पावसाळ्यात अगदी गढूळ होणाऱ्या उथळ पाण्यात तग धरून आहेत. याउलट विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंग्रिया बँकेवरील प्रवाळ सुमारे २० मीटर आणि त्याहून खोल, पण स्वच्छ पाण्यात आहेत. समजा, गढूळ पाणी दर मीटरला ४० टक्के प्रकाश शोषते आणि स्वच्छ पाणी ५ टक्के. तर पहिल्या पाण्यात ५ मीटरवर पृष्ठभागावरील प्रकाशाचा जेमतेम ८ टक्के भाग उरेल, तर दुसऱ्या पाण्यात २० मीटरवरही जवळजवळ ३६ टक्के उरेल. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतलेले आहेत, तथापि त्यांतून मुद्दा स्पष्ट होतो: खोलीवरून किंवा डोळ्यांना वाटणाऱ्या उजेडावरून प्राण्याला मिळणारा प्रकाश ठरत नाही, तो मोजावा लागतो.

मोजायचे काय, तर ‘पार’. प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणाऱ्या, म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला हे नाव आहे आणि तो एका चौरस मीटरवर दर सेकंदाला पडणाऱ्या प्रकाशकणांच्या संख्येत, मायक्रोमोल या एककात मोजतात. निरभ्र आकाशातील भर दुपारच्या उन्हात हा आकडा २००० च्या आसपास असतो. मशरूम प्रवाळांना ३० ते ८० पुरतात. झोअँथिड आणि चामडी प्रवाळ साधारण ५० ते १५० या पट्ट्यात चांगले वाढतात. २०० ते ३५० ही पातळी लागते ती फांद्यांच्या कठीण प्रवाळांना, जे इथे ठेवायचेच नाहीत. लक्स हे एकक मात्र या कामाला फसवे आहे. मानवी डोळ्याला पिवळसर हिरवा प्रकाश सर्वाधिक तेजस्वी दिसतो आणि लक्समापक त्याच संवेदनशीलतेनुसार बनवलेला असतो, त्यामुळे निळ्या प्रकाशाला तो फारच कमी गुण देतो. सूर्यप्रकाशाच्या बाबतीत लक्सच्या आकड्याला ५४ ने भागले की पारचा अंदाज येतो, पण निळ्या एलईडीखाली हाच भागाकार केला तर खरा पार बराच जास्त असतानाही तो कमी असल्याचा भास होतो आणि मालक दिवा आणखी वाढवतो. मोबाइलमधील लक्सचे ॲप एवढ्यासाठीच वापरावे की त्याच दिव्याखाली, त्याच जागी, महिन्याभरात उजेड किती घटला हे कळावे. पाण्याखाली बुडवता येणारा पारमापक महाग असतो, परंतु शहरातील चार-सहा हौशी मंडळींनी मिळून एक घेतला तर तो सर्वांना वर्षानुवर्षे पुरतो, कारण तो रोज लागत नाही. दिवा बसवताना, उंची बदलताना आणि वर्षातून एकदोनदा पडताळणीसाठीच लागतो. घेताना एवढे पाहावे की त्याचा संवेदक निळ्या आणि जांभळ्या टोकाकडील प्रकाशही नीट मोजतो आणि पाण्याखालील वाचनासाठीची दुरुस्ती त्यात अंतर्भूत आहे किंवा स्वतः कोणत्या गुणकाने करायची हे पुस्तिकेत दिलेले आहे.

दिव्याची शक्ती ठरवण्याचा हिशेब घरच्या घरी कागदावर करता येतो आणि तो प्रत्येकाने करावा. उदाहरणासाठी ६० सेंटीमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच, म्हणजे सुमारे १२० लिटरची दोन फुटी टाकी घेऊ. तिचे क्षेत्रफळ ०.२७ चौरस मीटर आहे. तिच्यात सरासरी १०० पार हवा असेल तर दर सेकंदाला २७ मायक्रोमोल प्रकाश प्रत्यक्ष जीवांपर्यंत पोहोचायला हवा. वाटेत काचेबाहेर सांडणारा, पृष्ठभागावरून परतणारा आणि पाण्यात शोषला जाणारा प्रकाश निम्मा धरला, तर दिव्यातून ५४ मायक्रोमोल बाहेर पडायला हवेत. चांगला एलईडी दिवा एका ज्यूल विजेमागे सुमारे २ मायक्रोमोल प्रकाश देतो. म्हणजे २७ वॉट पुरेसे होतात आणि दिवा जुना होणे, भिंग मळणे यांसाठी सूट ठेवली तरी ४० वॉट खूप झाले. हाच हिशेब चार फुटी टाकीला लावला तर ५४ वॉट येतात, आणि सूट धरून ७० ते ८० वॉट. दोन फुटी टाकीवर दीडशे वॉटचा दिवा सुचवला जातो तेव्हा तो परदेशातील कठीण प्रवाळांच्या टाक्यांचा हिशेब असतो, एवढे या आकडेमोडीने लक्षात येते. स्वस्त दिव्यांच्या खोक्यांवरील वॉटचा आकडा तर बहुधा सरळ गुणाकाराने आलेला असतो: ५५ एलईडी, प्रत्येकी ३ वॉट, म्हणून १६५ वॉट, प्रत्यक्षात तो दिवा यापेक्षा पुष्कळ कमी वीज ओढतो. प्लगमध्ये लावायचा साधा वीजमापक काही शे रुपयांत मिळतो आणि तो लावल्याबरोबर खरा आकडा समोर येतो.

वर्णपटाची, म्हणजे प्रकाशात कोणकोणत्या तरंगलांबी किती प्रमाणात आहेत याची, चर्चा फार गुंतागुंतीची करून मांडली जाते; तेवढी गरज नसते. पाणी तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषून घेते आणि निळा प्रकाश खोलवर पोहोचतो, म्हणून झूझँथेलीतील रंगद्रव्ये मुख्यतः ४०० ते ५५० नॅनोमीटरच्या पट्ट्यातील प्रकाश टिपण्यास योग्य बनलेली आहेत. दिव्यातील मुख्य जोर ४४० ते ४६० नॅनोमीटरच्या गडद निळ्या एलईडींवर असावा, जोडीला थोडे जांभळे आणि पांढरे असावेत. तांबडा आणि हिरवा हे केवळ डोळ्यांच्या समाधानापुरते, अगदी कमी. तांबड्या प्रकाशाच्या आधिक्याने कठीण प्रवाळांच्या प्रकाशसंश्लेषणावर प्रतिकूल परिणाम होतो, असे डच संशोधकांनी २०१४ साली स्टायलोफोरा या प्रवाळावरील प्रयोगांत दाखवून दिले आहे. ज्यांच्या टाकीत प्रामुख्याने शैवाले आहेत त्यांनी मात्र पांढऱ्या प्रकाशाचे प्रमाण वाढवावे, कारण हिरव्या शैवालांतील हरितद्रव्य तांबडा प्रकाशही चांगला वापरते आणि फक्त निळ्या उजेडात तांबड्या-हिरव्या शैवालांचे रंगही काळपट दिसतात. निळ्या प्रकाशाखाली प्रवाळ झगमगतात ते त्यांच्यातील प्रतिदीप्ती दाखवणाऱ्या प्रथिनांमुळे. ही झगमग प्राणी धडधाकट असल्याची खूण नव्हे, आणि दुकानात निळ्या दिव्याखाली पाहिलेला जीव घेण्यापूर्वी दोन मिनिटे पांढऱ्या प्रकाशात दाखवायला सांगावा.

दिव्यांच्या प्रकारांत निवडीला आता फारसा वाव उरलेला नाही. मेटल हॅलाइडचे १५०, २५० किंवा ४०० वॉटचे दिवे एकेकाळी प्रवाळांच्या टाक्यांचा कणा होते. त्यांचा प्रकाश सुंदर असतो, पाण्याच्या तळाशी हलणाऱ्या लाटांच्या रेषा ते हुबेहूब उमटवतात, पण मराठवाड्यातील घरात त्यांची उष्णता परवडणारी नाही. टी-५ जातीच्या १६ मिलीमीटर व्यासाच्या नळ्या सर्वत्र सारखा, सावल्या न पाडणारा प्रकाश देतात आणि मऊ प्रवाळांना तो मानवतो. तथापि नऊ महिने ते वर्षभरात त्या बदलाव्या लागतात आणि पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराच्या २०२३ मधील जिनिव्हा परिषदेत फ्लुओरेसंट दिव्यांचे उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत टप्प्याटप्प्याने थांबवण्याचे ठरले असल्याने नवी टाकी त्यांच्या भरवशावर उभी करणे शहाणपणाचे नाही. जुन्या नळ्या काढल्यावर त्या घंटागाडीत टाकू नयेत. त्यांत पारा असतो, म्हणून त्या ई-कचरा संकलकाकडेच द्याव्यात. नवी खरेदी एलईडीचीच करावी.

एलईडी दिवा निवडताना उत्पादकाने पाण्यातील पारचा नकाशा दिला आहे का, हे पहिल्यांदा पाहावे. असा नकाशा म्हणजे ठराविक उंचीवर दिवा टांगून टाकीच्या वेगवेगळ्या जागी आणि खोलींवर घेतलेल्या वाचनांचा तक्ता. जो उत्पादक तो देत नाही, त्याच्या दिव्याचे गुण केवळ शब्दांवर अवलंबून राहतात. दुसरी बाब निळा आणि पांढरा असे किमान दोन गट वेगवेगळे मंद करता येण्याची. ही सोय नसलेला दिवा कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये, कारण पुढे सांगितलेली जवळजवळ प्रत्येक खबरदारी तिच्यावर अवलंबून आहे. तिसरी बाब आकाराची. एका ठिकाणी एकवटलेले एलईडी आणि अरुंद कोनाचे भिंग असलेला दिवा मध्यभागी तीव्र झोत टाकतो आणि कडांना अंधार ठेवतो; मऊ प्रवाळांच्या टाकीला लांब, पसरट पट्टीचा, १२० अंशांच्या जवळपास कोन असलेला दिवा अधिक सोयीचा, किंवा चार फुटांना एकाऐवजी दोन लहान दिवे. दोन दिव्यांचा आणखी एक लाभ असा की एक बिघडला तरी दुरुस्ती होईपर्यंत टाकी पूर्ण अंधारात जात नाही, आणि असे दिवे दुरुस्तीसाठी बहुधा मुंबई-पुण्याला पाठवावे लागतात, हे ध्यानात घेतले तर हा लाभ छोटा नाही.

दिव्याच्या आतील पंख्याकडे मुद्दाम लक्ष द्यावे. चिकलठाण्यात औद्योगिक वसाहतीची वर्दळ, कोरडी हवा आणि सततची बांधकामे यांमुळे धूळ भरपूर असते. त्यात खाऱ्या पाण्याचे तुषार मिसळले की पंख्याच्या पात्यांवर चिकट थर बसतो, पंखा मंदावतो आणि एलईडी तापून त्यांचे आयुष्य घटते. पंखा नसलेला, ॲल्युमिनियमच्या जाड पंखोट्यांनी थंड होणारा दिवा इथे अधिक टिकतो. वीज पुरवणारा ड्रायव्हर दिव्याच्या पोटात नसून बाहेर वेगळ्या डबीत असेल, त्यावर बीआयएसची नोंदणी असेल आणि तो स्वतंत्रपणे विकत मिळत असेल तर उत्तम. कारण एलईडीपेक्षा आधी ड्रायव्हरच निकामी होण्याची शक्यता अधिक असते.

उष्णतेचा प्रश्न या गावात सविस्तर विचार करण्याजोगा आहे. चिकलठाणा वेधशाळेत मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. स्लॅबच्या घरात वरच्या मजल्यावरील खोली रात्री उशिरापर्यंत तापलेली राहते. प्रवाळवर्गीय जीवांना २४ ते २७ अंशांचे पाणी मानवते आणि २९-३० अंशांच्या वर ते काही दिवस राहिले तर विरंजनाला सुरुवात होऊ शकते. यातील जीवशास्त्रीय गोम अशी की उष्णता प्रथम झूझँथेलीतील प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा कमकुवत करते आणि मग जो प्रकाश एरवी सहज पचला असता तोच घातक ठरतो. म्हणजे उष्णता आणि प्रकाश हे दोन स्वतंत्र त्रास नसून एकमेकांना वाढवणारे आहेत. पाणी २८ अंशांच्या वर गेले की दिवा अर्ध्यावर आणावा, हा नियम म्हणूनच उन्हाळ्यापुरता कायम पाळावा. थोड्या अंधाराने मशरूम किंवा चामडी प्रवाळ मरत नाहीत, तापलेल्या पाण्यातील प्रखर प्रकाशाने मरू शकतात.

थंडाव्यासाठी महागडा चिलर घेण्यापूर्वी या कोरड्या हवेचा उपयोग करून घ्यावा. पाण्याचे बाष्पीभवन होताना प्रत्येक लिटरमागे सुमारे ०.६७ युनिट उष्णता पाण्यातून निघून जाते. ४० वॉटचा दिवा आठ तास चालला तर त्याची सगळी उष्णता मिळून ०.३२ युनिट भरते, म्हणजे अर्धा लिटर पाणी उडाले की दिव्याचा हिशेब पूर्ण चुकता होतो. ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असताना ओल्या फुग्याचे तापमान, म्हणजे बाष्पीभवनाने पाणी जितके थंड होऊ शकते ती मर्यादा, २२ अंशांच्या आसपास असते. पृष्ठभागावर तिरका वारा सोडणारा संगणकातला छोटा पंखाही त्यामुळे एप्रिल-मेमध्ये टाकी दोन-चार अंशांनी खाली आणतो. कूलर मराठवाड्यात चालतो आणि मुंबईत कुचकामी ठरतो, त्याचेच हे कारण. यासाठी टाकीवर काचेचे झाकण न ठेवता जाळी ठेवावी लागते आणि दिवा पाण्यापासून किमान २० ते ३० सेंटीमीटर वर टांगावा लागतो, म्हणून खरेदीच्या वेळीच टांगण्याची तार किंवा उंची बदलता येणारा स्टँड मिळतो का, हे विचारून घ्यावे.

या उपायाची किंमत पाण्यात मोजावी लागते. उडते ते गोडे पाणी, मीठ मागेच राहते. रोज दोन-तीन लिटर भर घातली नाही तर क्षारता दर हजारी ३५ या पातळीवरून भराभर चढते. जायकवाडी धरणाचे पाणी अनेक दिवसांच्या अंतराने येणाऱ्या आणि मधल्या काळात बोअर किंवा टँकरवर भागवणाऱ्या वसाहतींत ही भर आरओच्या पाण्याचीच असायला हवी. बोअरच्या जड पाण्यातील क्षार, नायट्रेट आणि फॉस्फेट टाकीत साठत जातात आणि त्यावर पोसलेले केसाळ शैवाल खडक झाकून टाकते. अशा वेळी दोष बहुधा दिव्याला दिला जातो आणि दिवा बदललाही जातो. खरे तर आधी पाण्याची चाचणी करावी, कारण प्रकाश शैवालाला वाढवतो खरा, पण त्याचे खाद्य पाण्यातूनच येते.

विजेच्या बाबतीत दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. खर्चाचा प्रश्न सोपा आहे: ४० वॉटचा दिवा आठ तासांप्रमाणे महिन्याला दहा युनिटांच्या आत राहतो, १५० वॉटचा ३६ युनिट ओढतो, महावितरणच्या घरगुती दरांत १०० आणि ३०० युनिटांच्या पायऱ्या असल्याने घरातील वापर या पायऱ्यांच्या काठावर असेल तर मोठा दिवा वरच्या दराची सगळी झळ अंगावर आणतो. सुरक्षेचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. खारे पाणी वीज उत्तम वाहून नेते, म्हणून टाकीची जोडणी ३० मिलिअँपिअरला तुटणाऱ्या आरसीसीबीवर, पक्क्या अर्थिंगसह असावी; वायर प्लगकडे जाताना आधी खाली लोंबकळून मग वर चढलेली असावी, जेणेकरून तिच्यावरून ओघळणारा थेंब सॉकेटपर्यंत पोहोचणार नाही; आणि विजेच्या चढउतारापासून ड्रायव्हर वाचवण्यासाठी सर्ज प्रोटेक्टर बसवावा. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर पहिला हक्क पाणी हलवणाऱ्या पंपाचा किंवा हवेच्या पंपाचा आहे, दुसरा पंख्याचा; दिवा त्या जोडणीवर ठेवूच नये. काही तासांत संपतो तो पाण्यातील ऑक्सिजन. प्रकाशावाचून हे जीव दोन-तीन दिवस सहज काढतात.

नवा दिवा बसवल्यावरचा पहिला महिना निर्णायक असतो. जुन्या फिकट नळीखाली राहिलेले प्रवाळ कमी प्रकाशाला सरावलेले असतात, त्यांच्यातील शैवालाची रचना त्यानुसार बदललेली असते आणि ती पुन्हा बदलायला आठवडे लागतात. दिवा ३० टक्क्यांवर सुरू करावा, दर आठवड्याला पाच ते दहा टक्के वाढवावा आणि जीवांकडे पाहून थांबावे. मोजलेला पार अपेक्षित पातळीवर आला की दिव्यात शक्ती शिल्लक आहे म्हणून ती वापरण्याचे कारण नाही. मंद करण्याची सोय अपुरी पडत असेल तर खिडकीच्या मच्छरजाळीचे एक-दोन थर दिव्याखाली ताणून बांधावेत आणि दर आठवड्याला एकेक काढावा. मशरूमच्या कडा आत वळू लागल्या, तबकडी आक्रसली, रंग फिका पडला तर प्रकाश जास्त आहे. देठ ताणून प्राणी दिव्याकडे वाढत असेल, तबकडी अवाजवी पसरली असेल तर तो कमी आहे. चामडी प्रवाळाच्या पृष्ठभागावर मेणचट पापुद्रा येऊन तो काही दिवस मिटून बसला तर घाबरू नये. तो अधूनमधून अशी कात टाकतोच, आणि त्या काळात दिव्याला हात लावू नये. एका वेळी एकच गोष्ट बदलावी: दिव्याची तीव्रता वाढवलेल्या आठवड्यात उंची, वेळ किंवा खाद्य यांत फेरफार केला तर कोणत्या कारणाने काय झाले हे कधीच उमगत नाही. भिंगावरील मिठाचा थर दर आठवड्याला दिवा बंद करून, ओल्या मऊ कापडाने पुसावा, आणि चालू असलेल्या निळ्या-जांभळ्या एलईडींकडे थेट पाहू नये, मुलांनाही पाहू देऊ नये.

वेळापत्रक टायमरवरच असावे. आठ तासांचा मुख्य प्रकाश आणि त्याच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा तास मंद निळा, एवढे वर्षातील बहुतेक काळ पुरते. घरातील मंडळी कामावरून संध्याकाळी परतत असतील तर हिवाळ्यात दुपारी एक ते रात्री नऊ ही वेळ ठेवायला हरकत नाही. मार्चअखेर मात्र ती हळूहळू सरकवून पहाटे पाच ते दुपारी एक अशी आणावी, म्हणजे दिव्याची उष्णता आणि तापलेल्या स्लॅबची उष्णता एकाच वेळी टाकीवर येणार नाहीत. संध्याकाळी पाहण्यासाठी पाच टक्के निळा प्रकाश तासभर ठेवला तरी जीवांना त्याचा जाच होत नाही. मृगाचा पाऊस सुरू झाला की बाहेरचे तापमान उतरते आणि दिवा पूर्ववत करण्याचा मोह होतो. परंतु तेव्हा हवेतील आर्द्रता वाढून बाष्पीभवन मंदावते, पंखा पूर्वीइतका थंडावा देत नाही आणि पाणी अनपेक्षितपणे २८ अंशांवर रेंगाळते. जून ते सप्टेंबर या काळात म्हणून प्रकाशाची तीव्रता ठरवलेल्या पातळीच्या तीन-चतुर्थांशावर ठेवावी, थर्मामीटरची सकाळ-संध्याकाळची वाचने वहीत लिहीत जावीत, आणि ऑक्टोबरचा उकाडा ओसरल्यावर, आठवड्याला पाच टक्क्यांच्या गतीने, ती पुन्हा पूर्ण करावी.